उजवी पापणी खाली आलीय, ऑपरेशन खरंच लागणार आहे का?

शिवणकाकू (सांगली)

नमस्कार मंडळी. बोलून टाइप करतेय, मध्येच भलतंच काही उमटलं तर सांभाळून घ्या.

वय ५९. घरीच ब्लाउज शिवते, ३१ वर्षं झाली. गेल्या दोनेक वर्षांत उजव्या डोळ्याची वरची पापणी खाली आलीय. डावीही थोडी उतरलीय, पण उजवी जास्त. गिऱ्हाइकं विचारतात, "काकू, रात्री जागलात का?" परवा मापाला आलेल्या एका मुलीनं दबक्या आवाजात विचारलं, "घरी काही झालंय का?" तिला वाटलं, मी रडून बसलेय.

दिसण्याचं मला फार नाही. खरं सांगायचं तर थोडं आहे, पण तेवढ्यासाठी मी डोळ्यापाशी सुरी येऊ देणार नाही. माझी अडचण कामाची आहे. रस्त्यानं चालताना, टीव्ही बघताना निभतं. मशीनवर मान खाली घातली की मात्र अर्धं शटर ओढलेल्या दुकानात बसल्यासारखं होतं. हातशिलाईला तर विचारूच नका. हूक लावणं, काजं करणं, गळ्याला आतून हेमिंग, सगळ्यात नजर खालीच. मग मी भुवया वर ताणते, हनुवटी उचलते आणि नाकाच्या शेंड्यावरून बघत शिवत राहते. चार वाजेपर्यंत कपाळ असं ठणकतं की बाम चोळल्याशिवाय पुढचा ब्लाउज हातात घेववत नाही. ही डोकेदुखी बीपीची म्हणून दोन महिने बीपीच मोजत बसले होते. बीपी व्यवस्थित. कपाळाला चुण्या मात्र अशा पडल्यात की परकर शिवावा.

सुई ओवायची तर एका हाताचं बोट पापणीला लावावं लागतं. मग दोरा कुठल्या हातानं धरू? नात शाळेला जायच्या आधी दहा-बारा सुया ओवून टाचणीच्या उशीला लावून जाते. लग्नसराईत त्या अकरा वाजेपर्यंतच संपतात.

आतापर्यंत दोन ठिकाणी दाखवलं. मोतीबिंदू ज्यांनी काढला (२०२१ ला, याच उजव्या डोळ्याचा) ते म्हणाले, "वयानं होतं, चालतंय तोवर चालू द्या." माणूस भला आहे, पण बाहेर चाळीस पेशंट बसलेले. मग एका मोठ्या क्लिनिकमध्ये गेले, नाव सांगत नाही. तिथं आधी एक मुलगी टॅबलेट घेऊन बसली. माझा फोटो काढला, त्यातल्या माझ्या पापण्या वर केल्या, डोळ्यांखालच्या पिशव्या पुसल्या आणि म्हणाली, "बघा मॅडम, दहा वर्षं कमी." वरच्या दोन्ही पापण्या, खालच्या दोन्ही, सगळं मिळून १ लाख १० हजार. आठवड्यात ठरवलंत तर १५ हजार कमी. मी आयुष्यभर गिऱ्हाइकाला मापं घेतल्याशिवाय कापड कापलेलं नाही. इथं डॉक्टरांनी चार मिनिटं बघितलं, पट्टीसुद्धा लावली नाही. उठून आले.

घरी वेगळीच गंमत. पुण्याची मुलगी म्हणते करून टाक. धाकटी बहीण म्हणते, या वयात नटायचं सुचतंय का. मिस्टर म्हणतात, मला तर काही फरक दिसत नाही. त्यांना गेल्या ३६ वर्षांत माझी नवी साडीही कधी दिसलेली नाही, तेव्हा ते मत बाजूला ठेवते.

म्हणून इथं विचारतेय. हे ऑपरेशन "गरजेचं" आहे की "हौसेचं", हे ठरवतात कसं? कोण ठरवतं? काही मोजमाप असतं का? आणि हौसेचं म्हटलं तर पॉलिसीतून काही मिळणार नाही, हे खरं का? बीपीची गोळी आणि रक्त पातळ करायची ॲस्पिरिन चालू आहे. शुगर नाही.

—

निवांत

काकू, बिनधास्त करा. माझ्या आत्यानं केलं, तिसऱ्या दिवशी बाजारात. काही होत नाही.

—

फील्डवाला (पुणे)

निवांतराव, आत्याची पापणी वेगळी, काकूंची वेगळी. जरा दमानं.

काकू, मी डॉक्टर नाही. ऑप्टोमेट्री करून १७ वर्षं डोळ्यांच्या दवाखान्यात तपासण्या करतो, त्यातली बरीचशी वर्षं फील्डच्या, म्हणजे नजरेचा घेर मोजायच्या मशीनवर. ज्या भांड्यात तोंड घालून ठिपका दिसला की बटण दाबायचं, ते. काचबिंदूवाल्यांना माहीत असेल.

तुमच्या पोस्टमधलं "खाली बघताना जास्त" हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. वरची पापणी उचलायला एक स्नायू असतो, लिव्हेटर म्हणतात. तो पुढं येऊन पातळ पट्टीसारखा होतो आणि पापणीत रुततो. वयानं, डोळे चोळायच्या सवयीनं, वर्षानुवर्षं हार्ड लेन्स घालून, कधीकधी मोतीबिंदूच्या वेळी पापण्या फाकवून ठेवणाऱ्या चिमट्यानं ती पट्टी ताणली जाते किंवा जागेवरून सुटते. स्नायू धडधाकट, जोड सैल. तुमच्या भाषेत सांगायचं तर नाडी शाबूत आहे, नेफा उसवलाय. अशी पापणी खाली बघताना आणखीच खाली येते. म्हणून वाचणारे, शिवणारे, तांदूळ निवडणारे आधी कुरकुरतात. जन्मापासून पापणी पडलेली असेल तर उलट होतं. तिथं स्नायूच आखडलेला असल्यानं खाली बघितलं तर ती पापणी वरच राहते.

पण हे एक झालं. दुसरं, पापणीची कड जागेवर असते, नुसती वरची कातडी सैल होऊन तिच्यावर लोंबते. तिसरं, भुवईच खाली सरकते आणि सगळं ओझं पापणीवर येतं. आरशात तिन्ही सारखीच दिसतात, ऑपरेशनं मात्र तीन वेगळी. नेफा उसवलेला असताना परकराचा घेर कापून काय उपयोग? कातडी कापली म्हणून पापणीची कड उचलली जात नाही. तुमच्या त्या टॅबलेटवाल्या मुलीला हा फरक ठाऊक होता की नाही, देव जाणे.

मोजमाप असतं, आणि अगदी साधं असतं. समोरून टॉर्च धरतात, बाहुलीत उजेडाचा ठिपका दिसतो, त्या ठिपक्यापासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंत किती मिलिमीटर ते पट्टीनं बघतात. साधारण ४ ते ५ असतं. २ किंवा त्याहून कमी भरलं तर पापणी नजरेच्या आड येतेय असं धरतात. मग भुवई अंगठ्यानं दाबून धरून पूर्ण खाली बघायला लावतात, मग पूर्ण वर. पापणीची कड किती सरकली ते मोजतात. १२ च्या पुढं असेल तर स्नायू चांगला, पट्टी पुन्हा जागेवर टाचली की काम होतं. ४ च्या आत असेल तर स्नायूत दम नाही, तेव्हा पापणी कपाळाच्या स्नायूला टांगावी लागते, ते प्रकरण निराळं. हे आकडे दोन्ही डोळ्यांचे कागदावर लिहून मागा. पापण्यांचंच काम करणारे नेत्रतज्ज्ञ असतात, ऑक्युलोप्लास्टीवाले. त्यांच्याकडे जा.

आता माझ्या मशीनचं. फील्ड दोनदा घेतात. एकदा पापणी आहे तशी, एकदा चिकटपट्टीनं वर उचलून. पट्टीशिवाय वरचे ठिपके हुकतात आणि पट्टी लावल्यावर दिसतात, तर अडथळा पापणीचाच हे सिद्ध. पट्टी लावूनही हुकले, तर दोष आत कुठंतरी आहे आणि पापणी उचलून काही मिळणार नाही. तपासणीत लोक नकळत भुवया ताणतात, तुम्ही शिवताना ताणता तशाच. मग रिपोर्ट छान येतो आणि पेशंट म्हणतो, अहो पण मला दिसत नाही. मी एकेकाला कपाळ सैल सोडा, कपाळ सैल सोडा म्हणून इतका छळतो की एक आजोबा म्हणाले, "तुझ्यामुळंच आठ्या पडतायत."

या तपासणीत एक खोट आहे, ती सांगतो. मशीन समोर बघायला लावतं. तुमचा त्रास खाली बघताना. तो मशीनवर पूर्ण उतरणार नाही. म्हणून शिवताना पापणी कुठं असते ते डॉक्टरांना सुईदोरा हातात घेऊन दाखवा. लाजू नका.

जुने फोटो काढून ठेवा. केव्हापासून उतरतेय ते फोटोच सांगतात.

एवढं मात्र आधी सांगायला हवं होतं. पापणी एकाएकी, तासाभरात किंवा एका रात्रीत पडली, एकाचे दोन दिसायला लागले, दोन बाहुल्या लहानमोठ्या झाल्या किंवा बरोबर भयंकर डोकं दुखलं, तर कुणाला विचारत बसायचं नाही. त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात. मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आला असेल तर तो डोळ्याच्या नसेवर दाबतो आणि पहिली खूण पापणीवर दिसते. काकूंचं दोन वर्षांत हळूहळू झालंय, ती गोष्ट वेगळी.

—

बार्शीकर

फील्डवाल्यांनी लिहिलंय त्यात एक भर. आमच्या नानांचं (वडील, ७२) जवळजवळ ऑपरेशन झालंच होतं. तारीख ठरलेली, ॲडव्हान्स भरलेला.

भूल देणारे डॉक्टर आदल्या दिवशी संध्याकाळी बघायला आले आणि म्हणाले, सकाळी मी दारात बघितलं तेव्हा यांचे डोळे उघडे होते, आता एवढे मिटलेले कसे? आम्ही म्हटलं, त्यांचं रोजच तसं असतं, दिवसभराचा थकवा. तेव्हा त्यांनी विचारलं, जेवताना काही त्रास? आई पटकन म्हणाली, भाकरी अर्धी खाऊन ताट सरकवतात, म्हणतात जबडा दुखून आला. आम्हाला वाटायचं कवळी सैल झाली. दंतवैद्याकडे दोन फेऱ्या मारल्या होत्या.

बर्फाचा खडा रुमालात गुंडाळून मिटलेल्या डोळ्यावर दोन मिनिटं ठेवला. काढला तर पापणी वर! आमच्या डोळ्यांसमोर. थोड्या वेळात परत खाली. मायस्थेनिया निघाला. नसेकडून स्नायूला जो निरोप जायचा तो पोचत नाही, म्हणून स्नायू वापरला की दमतो, विसावा मिळाला की उठतो. थंडाव्यानं तो निरोप जरा बरा पोचतो, म्हणून बर्फ. रक्ताची तपासणी झाली, छातीचा सीटी झाला (छातीत थायमस नावाची ग्रंथी असते, या आजारात ती बघतात) आणि पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या चालू झाल्या. पुढं आणखी औषधं. पापणीला टाका घालावा लागला नाही.

आणि रक्ताची तपासणी निगेटिव्ह आली म्हणजे सुटलो असं नाही. हा आजार नुसता डोळ्यांपुरता असेल तर निम्म्याजवळ लोकांत ती निगेटिव्हच येते, असं न्यूरोवाल्यांनी सांगितलं होतं.

म्हणून काकू, विचारतो. सकाळी आणि संध्याकाळी पापणी सारखीच असते का? आज उजवी, उद्या डावी असं होतं का? दोन दिसतात का? गिळताना, बोलताना काही?

—

शिवणकाकू

बाई बाई, वाचून पोटात गोळा आला. पण विचारलंत ते बरं केलंत.

सकाळ-संध्याकाळ फरक आहे, पण तुमच्या नानांसारखा नाही. सकाळी आरशात बघितलं तरी उजवी खालीच. संध्याकाळी मी दमलेली असते, भुवया धरून ठेवायचा कंटाळा येतो, तेव्हा जास्त वाटते. दोन दिसत नाहीत. भाकरी दोन खाते, वर भात.

फोटो काढले. १९८८ चा लग्नातला, दोन्ही डोळे टपोरे, बघवत नाही इतकं घाबरलेलं ध्यान. आधारकार्डाचा २०१२ चा, त्यात तर सगळेच झोपेत असतात, पण पापण्या सारख्या आहेत. मुलीच्या लग्नातला २०१९ चा, सारख्या. भाचीच्या बारशाचा २०२२ चा, त्यात उजवी उतरलेली. म्हणजे मोतीबिंदूनंतरच. मी म्हणत होते दोन वर्षं, निघाली त्याहून जास्त. रोज बघतो ते दिसत नाही.

फील्डवाले भाऊ, नेफा उसवलाय हे एकदम पटलं. पण डावीचं काय? तिचाही उसवलाय का?

—

फील्डवाला (पुणे)

डावीचं मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. एक प्रयोग करून बघा, पण डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करून विचारून मगच, आणि झोपताना कधीही नाही. मेडिकलात मायक्रोपोर मिळतो, कागदासारखी पट्टी. बारीक तुकडा कापून पापणी हलकीच उचलून लावा, डोळा मिटता आला पाहिजे इतपतच. तासभर हातशिलाई करा. एक दिवस फक्त उजवीला, दुसऱ्या दिवशी फक्त डावीला. डोळा कोरडा पडतोय, चुरचुरतोय असं वाटलं की काढून टाका. कपाळ दुखलं का, किती हूक लागले, ते वहीत लिहा. मापाच्या वहीतच लिहा हवं तर.

पॉलिसीचं राहिलं. रूप बदलण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया आपल्याकडच्या आरोग्य विम्यात वगळलेली असते. अपघात, भाजणं, कॅन्सर यानंतरची दुरुस्ती किंवा तब्येतीला थेट धोका दूर करायला वैद्यकीय गरज म्हणून केलेली असेल तर सूट, आणि ती गरज उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लिहून द्यावी लागते. पापणीचं प्रकरण या दोन्हींच्या मधे लटकतं. आमच्याकडे मंजूर झालेलेही बघितलेत, परत आलेलेही. मिलिमीटरचे आकडे, समोरून काढलेले फोटो, पट्टीसह आणि पट्टीशिवाय फील्ड आणि डॉक्टरांचं पत्र जोडून आधीच विचारा. ऑपरेशन झाल्यावर भांडत बसू नका. आणि खालच्या पिशव्या त्याच बिलात घुसडल्या की सगळंच हौसेचं ठरतं, हे त्या पॅकेजवाल्यांना कुणी सांगावं.

—

एडिसनची मावशी

मी ६८, न्यू जर्सीत ३४ वर्षं. इकडे मेडिकेअरचं (म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा) असंच. दिसण्यासाठी असेल तर दमडी नाही, नजरेला अडथळा सिद्ध केला तर देतात. हॉस्पिटलच्या बाह्यरुग्ण विभागात करायचं असेल तर २०२० च्या जुलैपासून आधी मंजुरी घ्यावी लागते. माझे समोरून फोटो काढले, "हसू नका, भुवया खाली" असं तीनदा ओरडले. फील्ड दोनदा. माझं कातडी लोंबायचं प्रकरण होतं, कागद परत आला. उजव्या बाजूला फक्त दोन-चार ठिपके हुकले होते.

रागावले होते तेव्हा. नंतर वाटलं, बरोबरच होतं त्यांचं. मला गाडी चालवायला, वाचायला काही अडत नव्हतं. फोटोतच खुपत होतं.

इकडे २०२० पासून एक थेंबही आलाय, ऑक्सिमेटाझोलिनचा. दिवसातून एकदा टाकायचा, पापणी साधारण मिलिमीटरभर उचलली जाते, काही तासांनी परत जैसे थे. माझ्या मैत्रिणीला दिलाय, तिची कड खाली आलेली. लोंबणाऱ्या कातडीला त्यानं काही होत नाही, म्हणून मला नाही. नाक चोंदल्यावर टाकायच्या काही औषधांत हेच असतं म्हणून कुणी नाकातलं डोळ्यात टाकू नका म्हणजे झालं. आमच्या एका भिशीत एकीनं विचारलंच होतं.

—

नाना सायकलवाले (कोल्हापूर)

दुसरी बाजूही ऐका. मी ६६ चा असताना मुलाच्या लग्नाआधी दोन्ही वरच्या पापण्यांची कातडी काढून घेतली. गरज? फोटो चांगले यावेत ही. कुणी तपासणी केली नाही, मीही विचारलं नाही. कातडी जरा जास्तच गेली.

फोटो झकास आले. त्यानंतर पाच महिने रात्री डोळे पूर्ण मिटत नव्हते. बायको म्हणायची, तुम्ही झोपेतही पहारा देताय. सकाळी डोळ्यात रेती भरल्यासारखं. रात्री मलम, दिवसा दर दोन तासांनी थेंब. सायकलवर वारा लागला की घळाघळा पाणी, लोकांना वाटायचं सूनमुख बघून गहिवरलोय. अजूनही पंखा तोंडावर घेऊन झोपता येत नाही, आणि कोल्हापूरच्या मे महिन्यात ही काही लहान शिक्षा नाही.

नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी कागदाची पट्टी डोळ्याच्या कडेला पाच मिनिटं लावली. पाणी किती ओलावतंय ते बघतात. ५ मिलिमीटरही भिजली नाही. मला आधीपासूनच कोरडेपणा होता. ही पट्टी आधी लावली असती तर मी तेव्हाच घरी गेलो असतो.

ताई, तुम्ही दिवसभर डोळे न मिटता एका टाक्याकडे बघत बसणार. कोरडेपणाचं आधी बघून घ्या. आणि कातडी काढणार असतील तर "थोडी राहू दे" म्हणा. राहिलेली पुन्हा काढता येते, गेलेली परत शिवता येत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं.

—

निवांत

नाना, आत्याला विचारलं. तिलाही थेंब टाकावे लागतायत. मला सांगितलं नव्हतं.

—

शिवणकाकू

दीड महिन्यानं येतेय, माफ करा. मे महिना आमचा कसा असतो ते शिवणाऱ्यालाच माहीत.

आधी वहीचं. मोतीबिंदूवाल्या डॉक्टरांना विचारून पट्टी लावली. उजवीला लावली त्या दिवशी तासाभरात ४२ हूक लावले, एरवी पंचविसाच्या आसपास होतात. कपाळ दुखलं नाही. हनुवटीही खाली होती, हे नातीनं सांगितलं. "आजी, आज तू माझ्यासारखी बसलीस." डावीला लावली त्या दिवशी २६, कपाळ नेहमीसारखं ठणकलं. म्हणजे सगळा घोळ उजवीचाच.

ती वही घेऊन मिरजेला गेले, पापण्यांचंच काम करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे. सोबत कापडाचा तुकडा, सुई, दोरा. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, ओवून दाखवा. माझी फजिती सगळी बघितली, मग मोजपट्टी काढली. ठिपक्यापासून कडेपर्यंत उजवी दीड मिलिमीटर, डावी साडेतीन. भुवया दाबून वर-खाली बघायला लावलं तर उजवी १४ सरकते. नेफाच उसवलाय भाऊ, नाडी शाबूत. डावीला कड जवळपास जागेवर आहे, वरून कातडी जरा आलीय, तिला हात लावायचं कारण नाही म्हणाल्या. बार्शीकरांचं ऐकून मी स्वतःच बर्फाचं विचारलं. त्यांनी दोन मिनिटं ठेवलाही आणि एक मिनिट सलग वर बघायला लावलं. काही बदल नाही. बाहुल्या सारख्या. कागदाची पट्टी १३ भिजली, नाना, तुमची आठवण काढली.

मग त्यांनी एक केलं, ते मला अपेक्षित नव्हतं. बोटानं माझी उजवी पापणी वर धरली आणि समोर आरसा दिला. डावी खाली आली! डोळ्यांदेखत. म्हणाल्या, मेंदू दोन्ही पापण्यांना सारखाच जोर लावतो. आत्ता उजवीसाठी जास्त जोर लावतोय, त्यावर डावी फुकट वर राहिलीय. उजवी दुरुस्त झाली की जोर कमी होणार आणि डावी थोडी बसणार. मी विचारलं, मग दोन्ही करायच्या का? तर म्हणाल्या, काही जण एकदम करतात, काही थांबतात. तुमचं काम उजवीवर अडलंय. उजवी करू, दोनेक महिने जाऊ देत, मग डावी मोजू. कदाचित काहीच करावं लागणार नाही.

मला हे आवडलं. आधी एक बाही लावून बघायची, मग दुसरी.

मी सरळ विचारलं, नाही केलं तर काय होईल? म्हणाल्या, डोळा जाणार नाही, नजर जाणार नाही, कपाळ दुखत राहील आणि पापणी आणखी हळूहळू उतरेल. घाई अजिबात नाही. लहान मुलाची पापणी बाहुलीवर आली तर तो डोळा बघायला शिकतच नाही, तिथं घाई असते. तुम्हाला शिवणं सोडायचं असेल तर ऑपरेशनही सोडा. मला शिवणं सोडायचं नाही.

बेशुद्ध करत नाहीत, जागेवरच इंजेक्शन. मधेच डोळा उघडायला लावतात, उठवून बसवतात, बरोबर झालंय का बघतात, मग गाठ मारतात. म्हणजे कच्ची टीप घालून ट्रायल देतो तसंच. तरीही थोडं कमी-जास्त होऊ शकतं आणि काहींना पुन्हा टाका घालावा लागतो, हे त्यांनी मी विचारायच्या आधी सांगितलं. ॲस्पिरिनचं हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही. सगळे मिळून ३८ हजार. पॉलिसीवाल्यांकडे फोटो, फील्ड, पत्र सगळं दिलंय, अजून उत्तर नाही. आलं तर बरं, नाहीतर भिशी जुलैत लागतेय.

बहिणीला सांगितलं, नटण्यासाठी नाही, हुकांसाठी करतेय. ती म्हणाली, मग दोन्ही करून घे ना, एक कशाला तिरकं. हिला काही म्हणजे काही पटत नाही.

आषाढी झाल्यावर लग्नाच्या तारखा नसतात, गौरी-गणपतीच्या साड्या यायला वेळ असतो. म्हणून एकादशीच्या पुढच्या गुरुवारची वेळ घेतलीय. दोन आठवडे मशीनला हात लावायचा नाही असं बजावलंय. ज्यांचे ब्लाउज माझ्याकडे शिवून पडलेत त्यांनी त्याआधी घेऊन जावेत. इथं लिहून उपयोग नाही, माहीत आहे. सवय लागलीय.